सात खळी आणि एक व्याही

मुलीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात मी चार याद्या केल्या. पाहुण्यांची, कपड्यांची, आचाऱ्याच्या सामानाची, आणि चौथी, हमखास विसरायला होतील अशा गोष्टींची. मुलीनं चारही वाचल्या आणि चौथीच्या तळाशी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली : ‘बाबांना (म्हणजे सासऱ्यांना) गोल्फमध्ये हरवायचं नाही. निदान लग्न होईपर्यंत.’

मी ती ओळ खोडली. तिनं पुन्हा लिहिली. दुसऱ्यांदा मी खोडली नाही, पण तिच्यापुढं बरोबरची खूणही केली नाही. मुलगी समजायचं ते समजली.

आमच्या मुरुम गावात गोल्फ खेळणारी मी एकटीच. अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात आणखी कोणी असेल तर त्यानं ते चांगलंच लपवून ठेवलंय. तीन वर्षं मी माझ्याच माळावर माझ्याशीच खेळत होते. अशा खेळात जिंकणारीही आपण आणि हरणारीही आपणच. ना कुणाला चिडवता येतं, ना कुणावर चिडता येतं. समोर एक खरा माणूस असावा, त्याच्याशी एक खरा डाव व्हावा आणि तो मी जिंकावा, एवढंच मला हवं होतं. आणि आता देवानं व्याही दिला होता तो पुण्यात दर रविवारी गोल्फ खेळणारा. त्याला हरवायचं नाही म्हणजे काय! ताटात आलेला मासवडीचा तुकडा नुसता बघत बसायचा का?

आमची डाळमिल आहे. तूर घ्यायची, तेलपाणी लावून वाळवायची, फोडायची, पोती भरून सोलापूर-हैदराबादला पाठवायची. नवरा उमरग्याच्या कोर्टात वकील, त्यामुळं मिल माझ्याकडं. सहा वर्षांपूर्वी एक मशीन बघायला मी बेंगळुरूला गेले होते. मशीनवाल्याला यायला उशीर होता. लॉजच्या शेजारी जाळी लावलेलं एक मोठं मैदान होतं आणि तिथं चांगल्या घरातली दिसणारी माणसं ओळीनं उभी राहून पांढरे चेंडू लांब लांब मारत होती. आणायला कोणीच जात नव्हतं. मला ती सरळसरळ नासाडी वाटली. तिथल्या माणसाला मी विचारलं, “हे गोळा कधी करता?” त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या हातात काठी दिली.

पहिले पाच-सहा वार हवेत गेले. मग एक बसला. टक् असा आवाज आला, हाताला काहीही जाणवलं नाही आणि चेंडू निघाला तो निघालाच. मिलमध्ये आयुष्य गेलं, पण एवढ्या कमी कष्टात एवढा माल एवढ्या लांब गेलेला मी पाहिला नव्हता. मशीनवाला आला तेव्हा मी त्याला म्हणाले, “बसा जरा. माझी अजून अर्धी टोपली राहिलीय.”

पुढं हैदराबादला डाळीच्या कामासाठी गेले तेव्हा जुन्या सामानाच्या बाजारात काठ्यांची एक अख्खी पिशवी मिळाली. ती घेऊन एसटीत चढले. कंडक्टरनं पिशवीला आधी हातानं आणि मग पायानं चाचपून बघितलं.

“काय हाय ह्यात? तुषार संचाच्या नळ्या?”

“खेळायचं सामान आहे.”

“पोरांचं?”

“माझं.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि मशीनवर बोट दाबलं. “तुमाला अर्धं तिकीट. हिला पूर्ण.”

“हिला का पूर्ण?”

“ही काय बाई न्हाय.”

तेव्हापासून माझ्या प्रवासाच्या यादीत औषधं, चार्जर आणि पाण्याची बाटली यांच्या खाली एक ओळ कायमची झाली : सात नंबरची काठी आणि तीन चेंडू. लातूरला लग्नाला जा, सोलापूरला दवाखान्यात जा, सकाळी लवकर उठून मोकळी जागा शोधायची. धाराशिवला कराच्या कामासाठी गेले होते तेव्हा साहेब यायच्या आत स्टेशनच्या पलीकडच्या पडीक रानात मी दहा-बारा फटके मारून घेतले. एक शेळ्यावाले काका बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, “बाई, मोजणी चाललीय का? रस्ता कोणत्या अंगानं जाणार?” नाही म्हणून सांगितलं तर त्यांना अजिबात पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या रानात मोबदल्यासाठी आंब्याची रोपं लागली असतील याची मला खात्री आहे. सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो तेव्हा पर्समधला चेंडू माकडानं पळवला. देवळाच्या शिखरावर बसून चावून बघितला आणि असं काही तोंड वाकडं करून परत फेकला की माझा नवरा म्हणाला, “तुझ्यापेक्षा सरळ मारतंय.”

घरचं मैदान मात्र आधी डोक्यातच होतं. गावाबाहेर आमचा एक मुरमाड माळ आहे. वर कुसळ, खाली मुरूम, मधे सराटे. तिथं काही पिकत नाही आणि पिकवायचा हट्टही कुणी करत नाही. खड्ड्यांची सोय सोपी होती. मिलमधल्या सांडपाण्याच्या चार इंची पाइपाचे तुकडे उरले होते, त्यांचं तोंड गोल्फच्या खड्ड्याएवढंच असतं. सात तुकडे, सात खड्डे. अडचण होती ती खड्ड्याभोवतीच्या जागेची. तिथं चेंडू हलक्या हातानं घरंगळत न्यायचा असतो, त्यासाठी गालिच्यासारखं गवत लागतं. आमच्याकडं फेब्रुवारीनंतर माणसांना पाणी मोजून मिळतं. गवताला कोण देणार?

उपाय सासूबाईंनी काढला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढं, माहेर सीमेपलीकडचं. रागात कानडी आणि शांतपणी मराठी, पण वेग दोन्हीचा सारखाच. मी कागदावर गोल काढून डोकं खाजवत बसले होते. त्यांनी डोकावून पाहिलं.

“सपाट, टणक, गोल जागा पायजे न्हवं?”

“व्हय.”

“मग खळं कर की.”

मळणीची मशीन आल्यापासून आमच्या भागात खळी उरलेली नाहीत. ठोकून ठोकून सपाट केलेली, शेणानं सारवलेली, ज्यावर धान्याचा एक दाणा भेगेत जाणार नाही अशी जागा नव्या पोरांना चित्रातसुद्धा माहीत नाही. आत्याबाईंनी मिलमधल्या चार बायका हाताशी घेतल्या आणि पंधरवड्यात माळावर सात खळी उभी केली. मधोमध पूर्वी बैल फिरवायला खांब रोवायचे तसा माझा झेंडा. सारवण वाळल्यावर मी पहिला चेंडू सोडला. तो असा सरळ, असा बिनआवाज पळाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंच्याही आलं, पण ते खळ्यासाठी.

खळं त्यांचं म्हटल्यावर नियमही त्यांचेच आले. पहिला, खळ्यात पायताण घालून जायचं नाही. ती लक्ष्मीची जागा. मी सातही ठिकाणी चप्पल काढून आत जायची आणि बाहेर येऊन घालायची. दुसरा, खळ्यावर मोजताना ‘एक’ म्हणायचं नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन. मी फटके मोजायची तेही ‘लाभ, दोन, तीन’ असे. माझं काय जातंय? खेळाला जागा मिळाली होती.

रोज सकाळी मिल सुरू व्हायच्या आत मी सात खळी करून यायची. घरी आले की आत्याबाई विचारायच्या, “किती झाले?” चांगला दिवस असला, फटके कमी लागले, मी खुशीत आकडा सांगितला की त्या उसासा टाकून म्हणायच्या, “असू दे. रोज कुठं सारखं होतंय?” आणि ज्या दिवशी सराट्यांत चेंडू अडकून अडकून फटक्यांचा ढीग व्हायचा त्या दिवशी चहात जास्त साखर पडायची. मला वाटायचं, म्हातारी खोचक आहे. सासू आहे, थोडं चालायचंच.

व्याह्यांना जानेवारीत हुरड्याचं आमंत्रण दिलं. त्यांची सौ. माहेरी गेली होती, मुलाला सुटी नव्हती, आमची लेक तिच्या नोकरीच्या गावी. व्याही एकटेच गाडी घेऊन आले. गोरे, उंच, नुकतेच मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. गाडीच्या डिकीतून आधी पेढ्यांचा पुडा निघाला आणि मग चाकं लावलेली काठ्यांची पिशवी. माझी पिशवी तिच्याशेजारी ठेवली तर ती तिची मोलकरीण वाटली असती.

“विहीणबाई, असं करू,” ते चहा घेता घेता म्हणाले. “मी तुम्हाला प्रत्येक होलला एक फटका सूट देतो. म्हणजे सामना रंगेल.”

“सूट आमच्याकडं फक्त घाऊक मालावर,” मी म्हणाले. “बरोबरीनं खेळू.”

नवरा खिडकीबाहेर बघत खोकला. आदल्या दिवशी त्यानं मला समजावलं होतं. “हे बघ, तू जिंकलीस तर लोक म्हणतील, मुलीकडच्यांनी व्याह्याचा मान राखला नाही. तू मुद्दाम हरलीस तर तू महिनाभर माझ्याशी नीट बोलणार नाहीस. मी दोन्हीकडून मेलोय. मला फक्त साक्षीला ठेव.”

हुरड्याला भावकीतले वीस-पंचवीस जण, मिलमधल्या बायका आणि शेजारपाजार आले होते. माळाच्या कडेला आगटी पेटली, चटणी आणि गूळ आले, आणि व्याही खेळणार म्हटल्यावर सगळेच कणसं चोळत चोळत आमच्या मागं निघाले. आत्याबाई बाजेवर. ती बाज आमचा सालगडी आणि आणखी एकजण उचलून खळ्याखळ्यावर न्यायचे, म्हणजे त्यांना प्रत्येक फटका दिसावा. सालगडी आमच्याकडं वीस वर्षं आहे. खळी तोच झाडतो, त्यामुळं त्या माळाचा मालक तोच आहे, मी केवळ कूळ.

पहिल्या खळ्याशी व्याह्यांचा चेंडू माझ्याआधी पोचला. झकास फटका होता. ते तोऱ्यात काठी बदलून आत पाय टाकणार एवढ्यात बाजेवरून आरोळी आली, “ब्याड ब्याड!” म्हणजे कानडीत नको नको. सालगडी आडवा झाला.

“पावणं, पायताण काढा. खळं हाय.”

“हे गोल्फचे शूज आहेत,” व्याही म्हणाले.

“असू द्या की. आमच्या अक्का बी काढत्यात.”

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आधीच अनवाणी उभी होते. त्यांनी वाकून लेस सोडल्या. नंतर खाली पाहून विचारलं, “हे कशानं सारवलंय?” मी सांगितलं. त्यांचे पायमोजे पांढरेशुभ्र होते. त्यांनी तेही काढले.

पण चेंडू सोडल्यावर त्यांचा चेहरा बदलला. “अहो, हे आमच्या क्लबपेक्षा खरं पळतं!” म्हणाले. मला तेवढ्यासाठी ते आवडले.

लेस सोडा, बांधा, सोडा, बांधा असं दोनदा केल्यावर तिसऱ्या खळ्याला त्यांनी सालगड्याची चप्पल मागून घेतली. ती त्यांना दोन बोटं लहान होती. एका सराट्यानं त्यांच्या टाचेचा ठाव घेतला. तरीही ते सुंदर खेळत होते. तीन खळी झाली तेव्हा मी दोन फटक्यांनी मागं होते.

आणि तरी लोक माझ्याकडं रागानं बघत होते. मिलमधली एक बाई दुसरीला म्हणाली, “आपल्या बाईंला जरा बी कळंना बाई. पावण्याम्होरं एवढं करायचं असतंय व्हय?” बाज चौथ्या खळ्याकडं निघाली तशी आत्याबाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“जरा हात आखडता घे की गं. व्याही हाय.”

मी दोन फटक्यांनी हरत होते आणि सासू मला हात आखडता घ्यायला सांगत होती! खोचकपणाची एक मर्यादा असते. मी म्हणाले, “आत्याबाई, आता यापेक्षा काय आखडू?” आणि दातओठ खात पुढं गेले.

चौथ्या खळ्यावर व्याह्यांचा सोपा चेंडू हुकला. खड्ड्याच्या काठावरून फिरून बाहेर आला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली. व्याह्यांचे कान लाल झाले. पुढचाही हुकला. “वा पावणं, वा!” असा गजर झाला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माळ दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. घरी बोलावून, हुरडा खायला घालून, वीस माणसांकडून हुर्यो उडवली असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही तसंच वाटत होतं. आमच्या माणसांना झालंय काय? मला जिंकवायला यांनी लाज सोडली की काय?

पाचव्या खळ्यावर उलगडा झाला. चौथ्यावर माझेही तेवढेच हुकले होते, त्यामुळं अंतर अजून दोनाचंच होतं. व्याह्यांचा चेंडू झेंड्याजवळ येऊन थांबला होता. ते काठी आणायला वळले. मी चप्पल काढत होते, आणि काढता काढता पाहिलं : सालगड्यानं इकडं तिकडं बघून अनवाणी पायाच्या अंगठ्यानं तो चेंडू हळूच मागं ढकलला. चांगला हातभर.

मी त्याला दंडाला धरून बाभळीमागं नेलं.

“लाज वाटत न्हाय? पाहुण्याचा चेंडू मागं सारतोस? मला असं जिंकायचं न्हाय!”

तो गांगरला. “अक्का, तुमाला कुठं? म्या पावण्यालाच वाढवून देतोय की.”

“काय वाढवून?”

“फटकं. तुमचं किती झाल्यात अन् त्यांचं किती? दोननं कमी हायेत बिचारं. एवढ्या लांबून आल्यात. बरं दिसतंय का?”

मी बाभळीला टेकले.

खळ्यावर मोजताना कमी ते चांगलं असं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कधी झालेलंच नाही. लाभ, दोन, तीन. जितकं पुढं जाईल तितकं घर भरलं. ज्याचं माप जास्त तो जिंकला, यात सांगायचं काय? मी तीन वर्षं सगळं सांगितलं होतं, काठ्यांचे नंबर, खड्ड्यांची नावं, झेंडा कधी काढायचा. कमी फटक्यांत जिंकतात एवढंच सांगायचं राहिलं होतं, कारण मी एकटीच खेळत होते आणि मला कधी कुणी विचारलं नव्हतं. चहातली साखर आठवली. तो उसासा आठवला. म्हातारी खोचक नव्हती. म्हातारी तीन वर्षं माझं सांत्वन करत होती.

नवरा जवळच उभा राहून कणीस खात होता. “तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“पहिल्या वर्षापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मी वकील आहे. विचारल्याशिवाय सांगत नाही.”

त्याचा हिशोब नंतर करायचा ठरवून मी विचार केला. आत्ता सगळ्यांना समजावून सांगितलं तर? तर व्याह्यांचे चेंडू मागं जायच्या ऐवजी पुढं जायला लागतील. बाजेपासून झेंड्यापर्यंत वीस अंगठे कामाला लागतील आणि त्यांचा प्रत्येक चेंडू एका फटक्यात खड्ड्यात पडेल. मानपान म्हणजे मानपान, तो कोणत्याही दिशेनं करता येतो. माझा खरा डाव मात्र गेला तो गेलाच.

मी सालगड्याला झेंडा धरायला दिला, दोन्ही हातांनी आणि दोन्ही पाय बाहेर. चेंडू होता तिथं परत ठेवला. मग व्याह्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. टाळ्या कौतुकाच्या होत्या, शिट्टी आदराची होती आणि चेंडू आग्रहानं वाढला होता.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते हसायला लागले ते त्यांना थांबताच येईना. बाजेच्या कडेला बसले. आत्याबाईंनी काळजीनं विचारलं, “उचकी लागली का?” आणि पाणी मागवलं. पाणी पिऊन ते उठले, चप्पल भिरकावली आणि म्हणाले, “विहीणबाई, त्यांना त्यांचं मोजू द्या. आपण आपलं खेळू. आता मात्र मी सोडणार नाही हां.”

“सोडूच नका,” मी म्हणाले. तीन वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

पाचव्यावर एक आणि सहाव्यावर एक असं मी अंतर भरून काढलं. सातव्या खळ्याला आम्ही बरोबरीत होतो. ते खळं सगळ्यांत लांब, मधे ओढा, आणि पलीकडं चढ. व्याही अनवाणी, पँट दुमडलेली, टोपीत कुसळं. मी साडीत नाही, सलवार-कमीजमध्ये, ओढणी कमरेला खोचलेली. दोघांचेही चेंडू ओढ्यापलीकडं नीट पोचले. लोकांनी कणसं चोळणं थांबवलं होतं. त्यांना खेळ कळत नसला तरी चुरस कळत होती, आणि पाहुणा आता बरोबरीला आल्याचं समाधान होतं. बाजेवरून बारीक आवाजात मोजणी चालली होती : लाभ, दोन, तीन.

खळ्यावर माझा चेंडू लांब होता, म्हणून पाळी माझी आधी. सारवणाला तिथं किंचित उतार आहे. आत्याबाईंच्या हाताचा उतार, पावसाचं पाणी जावं म्हणून ठेवलेला. मी तीन वर्षं त्या उताराशी भांडत होते. त्या दिवशी भांडले नाही. त्याच्या कलानं चेंडू सोडला. तो डावीकडून वळला, रेंगाळला आणि पाइपात पडला. पाइपात पडताना चेंडूचा जो आवाज होतो तो जगातल्या कुठल्याही क्लबात होत नसणार.

माळावर हळहळ पसरली. “संपलं की हो बाईचं,” कुणीतरी म्हणालं.

व्याह्यांनी बराच वेळ वाकून पाहिलं. त्यांनी मनापासून मारला, मी शपथेवर सांगते. उतार त्यांना माहीत नव्हता. चेंडू काठाशी येऊन थांबला. त्यांनी डोळे मिटले, मग हसले आणि पुढच्या फटक्यात आत घातला.

एकानं जास्त.

जो काही जल्लोष झाला! सालगड्यानं झेंडा उपटून नाचवला. भावकीतल्या एका काकांनी आगटीच्या राखेचाच टिळा लावायला घेतला, तो कसाबसा थांबवला. आत्याबाई बाजेवरून उतरल्या, घरून आणवलेली टॉवेल-टोपी आणि नारळ त्यांनी व्याह्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “एकानं का हुईना, जिंकलात. आमच्या घराची अब्रू राहिली.”

व्याह्यांनी टोपी घातली. मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मी खुणेनं नको म्हणत होते, पण ते ऐकेनात.

“मंडळी, खरं सांगतो. आज विहीणबाई जिंकल्या. मी हरलो. अगदी सरळ हरलो.”

मग काका गहिवरून म्हणाले, “बघा! ह्याला म्हणत्यात मोठेपणा!” आणि टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात झाल्या. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला म्हणाल्या, “बघ. शीक जरा त्यांच्याकडनं.”

व्याह्यांनी माझ्याकडं हताशपणे पाहिलं. “मी प्रयत्न केला,” ते म्हणाले.

“दिसलं,” मी म्हणाले. “पुढच्या खेपेला पुण्यात. कोणी नातेवाईक न आणता.”

“सूट?”

“मागितलीत तर विचार करू.”

ते गेले तेव्हा माळावरून आणून ठेवलेले त्यांचे गोल्फचे शूज आमच्या ओसरीवरच राहिले. टॉवेल-टोपी मात्र त्यांनी नीट घेतली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. पहिलाच प्रश्न, “आई, हरवलंस?”

मी फोन आत्याबाईंकडं दिला. “तुझा सासरा एकानं जिंकला बघ,” त्या म्हणाल्या. “लई गुणी माणूस. वर म्हणतोय, मी हरलो!” पलीकडून सुटकेचा निःश्वास मला इथवर ऐकू आला. मी उठून चौथी यादी काढली आणि तळाच्या ओळीपुढं, अगदी प्रामाणिकपणे, बरोबरची खूण केली. गावाचा निकाल तसाच होता.

नवरा कोर्टाची कागदपत्रं चाळत होता. “साक्षीदाराला काही बोलायचं आहे का?” मी विचारलं. त्यानं मान न उचलता माझ्या दिशेनं अभिनंदनाचा हात पुढं केला. मी तो जरा जास्तच जोरात दाबला.

आत्याबाईंनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. पहिल्या घोटालाच कळलं, साखर दुप्पट. त्या समोर बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मनाला लावून घेऊ नगं. आज व्याही होता म्हणून. पुढल्या बारीला तू बी दोन फटकं जास्तीचं मार.”

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण चहा चांगला होता.

“मारते,” म्हणाले.